तीन बटणं, एक नॉब: स्वस्तातला मॅक्रो पॅड पहिल्यांदा घेताना

ऑनलाइन मीटिंग चालू होती. माइक बंद केलाय असं समजून मी घरातल्यांशी तावातावाने बोलत होते आणि पलीकडचे सगळे ते शांतपणे ऐकत होते. बटण मी दाबलं होतं हो! नव्या कोऱ्या मॅक्रो पॅडचं पहिलंच बटण, त्यात 'कंट्रोल + डी' भरलेलं. गूगल मीटमध्ये या शॉर्टकटने माइक बंद-चालू होतो. पण त्या क्षणी माझ्यासमोर मीटची टॅब नव्हती, दुसरीच कुठलीतरी होती, आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल + डी म्हणजे 'हे पान बुकमार्क कर'. बुकमार्क इमानेइतबारे झाला. माइक चालूच राहिला.

यात पॅडची काहीच चूक नव्हती. मॅक्रो पॅड म्हणजे फक्त एक छोटा कीबोर्ड, हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. समोर कुठली विंडो आहे, कॉम्प्युटर कुठला आहे, भाषा कुठली निवडली आहे, यातलं त्याला काही म्हणजे काही कळत नाही. बटण दाबलं की 'अमुक की दाबली' असा ठरलेला निरोप पोचवायचा, एवढंच त्याचं काम. या लेखातल्या बहुतेक सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात. ही लक्षात ठेवलीत तर मधल्या दोन-चार पायऱ्या तुम्ही स्वतःच ओळखाल.

पायरी १: आधी कागद, मग खरेदी

घ्यायची घाई करू नका. एक कोरा कागद कीबोर्डशेजारी ठेवा आणि तीन-चार दिवस नेहमीसारखं काम करा. एखादी गोष्ट करताना मनात 'परत तेच' आलं की कागदावर एक रेघ ओढायची. नंतर बघितलंत की चित्र आपोआप स्पष्ट होतं.

माझं काम मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती मराठीत टाइप करण्याचं. मला वाटलं होतं की कागदावर कॉपी-पेस्ट सगळ्यात वर येईल. निघालं भलतंच. सर्वांत जास्त रेघा होत्या 'ऑडिओ थोडा मागे घे' यावर. प्रत्येक वेळी टायपिंग थांबवायचं, माउस पकडायचा, प्लेअरमध्ये क्लिक करायचं, मागे जायचं, परत लिहायच्या जागी क्लिक करायचं. कॉपी-पेस्टसाठी तर डावा हात आधीपासून जागच्या जागीच असतो. त्याला वेगळं बटण दिलं तर उलट हात उचलून न्यावा लागतो, म्हणजे सोय कमी आणि हौस जास्त.

हीच कसोटी लावा. दोन बोटांत होणारा आणि हाताला सवयीचा शॉर्टकट पॅडवर नेऊ नका. पॅडवर काय न्यायचं? जे करायला माउस शोधावा लागतो, ज्यासाठी तीन-तीन की एकदम दाबताना बोटं वाकडी होतात, किंवा जे दुसरीकडे बघत असताना करावं लागतं. माझ्या कागदावर असं ठळक दिसणारं फक्त चार-पाच गोष्टींइतकं होतं. तुमच्याही बहुधा तितकंच असेल, आणि म्हणूनच बारा-पंधरा बटणांचा पॅड पहिल्या झटक्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी २: घेताना काय बघायचं

स्वस्तात मिळणारे बहुतेक पॅड ठरावीक आकारांतच येतात: तीन बटणं आणि एक नॉब, सहा बटणं आणि एक नॉब, तीन गुणिले तीनचा चौकोन, नाहीतर बारा बटणं आणि दोन नॉब. नॉब असलेलाच घ्या. एका नॉबमधून तीन कामं होतात (डावीकडे फिरवणं, उजवीकडे फिरवणं आणि दाबणं), शिवाय आवाज कमी-जास्त करायला बटणांपेक्षा तो कितीतरी बरा.

दुसरं, सेटिंग कुठे साठतं ते पाहा. या लहान पॅडमध्ये ते पॅडच्याच चिपमध्ये साठतं. एकदा भरलं की पॅड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, तिथे काहीही इन्स्टॉल न करता तो तसाच चालतो. एल्गाटोच्या स्ट्रीम डेकसारखी, बटणांवर चित्रं दाखवणारी उपकरणं वेगळ्या जातीची. त्यांचं सॉफ्टवेअर मागे चालू असावं लागतं. त्या बदल्यात ती जास्त हुशारी दाखवतात, पण किमतीतही ती वेगळ्या पंगतीला बसतात.

तिसरं म्हणजे सॉफ्टवेअर, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. वर्णनात 'क्यूएमके', 'व्हाया' किंवा 'व्हायल' यांपैकी एखादं नाव दिसलं तर तो पॅड थोडा महाग असला तरी घ्या. क्यूएमके हे कीबोर्डसाठीचं खुलं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर, आहे. व्हाया आणि व्हायल त्यावर बसतात आणि चक्क ब्राउझरमधून बटणं बदलू देतात. यातली एकही खूण नसेल तर पॅड सोबत येणाऱ्या, कोणी लिहिलंय याचा पत्ता नसलेल्या विंडोज प्रोग्रॅमच्या भरवशावर आहे असं धरून चाला. तो वाईटच असतो असं नाही, माझा पहिला तसलाच होता. पण त्याच्या मर्यादा आहेत, त्या चौथ्या पायरीत सांगते.

बटणांचे स्विच लाल, तपकिरी आणि निळे अशा रंगांच्या नावांनी विकले जातात. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, तपकिरी दाबताना मध्ये हलकासा अडथळा जाणवणारा, निळा टकटक वाजणारा. मीटिंगमध्ये माइकसाठी वापरणार असाल तर निळा नको. 'हॉट स्वॅप' लिहिलं असेल तर स्विच उपटून दुसरा बसवता येतो, नाहीतर सोल्डरिंग आलं.

ब्लूटूथवाला मोह टाळा. पॅड टेबलावर एकाच जागी बसलेला असतो, त्याला वायरचा काय त्रास? वायरलेस पॅडमध्येही बटणं भरताना बहुतेक वेळा वायर लावावीच लागते, आणि बॅटरी नेमक्या वेळी संपते ते वेगळंच.

पायरी ३: जोडा आणि नोटपॅड उघडा

पॅड यूएसबीला लावला की कॉम्प्युटर त्याला कीबोर्ड म्हणून ओळखतो, ड्रायव्हर लागत नाही. काहीच झालं नाही तर पॅडला नावं ठेवण्याआधी केबल बदला. फोनसोबत येणाऱ्या काही केबलमधून फक्त चार्जिंग होतं, डेटा जातच नाही. दुसरी गंमत अशी की काही स्वस्त पॅड दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर अजिबात चालू होत नाहीत. टाइप-सी उपकरणात समोरच्याला 'मला वीज हवी आहे' हे कळवणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर असावे लागतात. बनवणाऱ्याने ते वाचवले की दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर पॅड मेल्यासारखा पडून राहतो. कॉम्प्युटरकडचं टोक जुनं चौकोनी, म्हणजे टाइप-ए, असलेली केबल लावा, चालायला लागेल.

मॅकवर पहिल्यांदा लावलात की एक विंडो येते आणि 'डाव्या शिफ्टच्या शेजारची की दाबा' म्हणते. तुमच्या पॅडवर शिफ्टच नाही! ती विंडो सरळ बंद करा.

आता नोटपॅड उघडा आणि एकेक बटण दाबून बघा. नव्या पॅडमध्ये बहुधा एक-दोन-तीन किंवा ए-बी-सी असं काहीतरी आधीच भरलेलं असतं. एकदा दाबून अक्षर दोनदा उमटत असेल तर तो स्विच खराब आहे. परत करायची मुदत असते तोवर हे तपासून घ्या.

पायरी ४: बटणं भरायचं सॉफ्टवेअर

पॅड व्हायावाला असेल तर काम सोपं आहे. क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये व्हायाचं पान उघडा, पॅडला परवानगी द्या, चित्रातल्या बटणावर क्लिक करून हवी ती की निवडा. बदल लगेच लागू होतो. फायरफॉक्समध्ये हे जमत नाही, कारण ब्राउझरमधून यूएसबी कीबोर्डशी बोलण्याची ती सोय त्यात नाही.

बिननावाचा तीन बटणांचा पॅड असेल तर विक्रेता एक लिंक देतो आणि त्यातून झिप फाइल उतरते. ती थेट चालवू नका. अँटिव्हायरसने तपासा, आणि जमलं तर एखाद्या जुन्या, महत्त्वाचं काही नसलेल्या लॅपटॉपवर चालवा. सेटिंग पॅडमध्येच साठत असल्यामुळे हा प्रोग्रॅम रोजच्या कॉम्प्युटरवर असण्याची गरजच नाही. एकदा भरलं की काम झालं.

यातल्या बऱ्याच पॅडच्या पोटात एकाच घराण्याच्या साध्या चिप असतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॅडचा हार्डवेअर आयडी पाहा. तिथे ११८९ आणि ८८९० हे आकडे दिसले तर 'सीएच५७एक्स-कीबोर्ड-टूल' नावाचं खुलं, मोफत साधन वापरता येतं. ते लिनक्स आणि मॅकवरही चालतं. त्यात माउसने क्लिक करायचं काही नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये 'पहिलं बटण अमुक, दुसरं तमुक' असं लिहायचं आणि कमांड देऊन ती फाइल पॅडमध्ये पाठवायची. कमांड लाइनची धास्ती नसेल तर विक्रेत्याच्या प्रोग्रॅमपेक्षा मला हेच आवडतं, कारण काय भरलंय ते आपल्याकडे लिहून राहतं.

मर्यादा मात्र चिपच्याच आहेत. काही पॅडमध्ये एका बटणात लागोपाठ पाचच की बसतात. म्हणजे शॉर्टकट भरता येतो, पण आख्खा ईमेल पत्ता नाही.

पायरी ५: पहिल्या आठवड्यात फक्त तीन गोष्टी

सगळी बटणं एकदम भरू नका, दुसऱ्या दिवशी कुठे काय आहे ते आठवत नाही. नॉबपासून सुरुवात करा: डावीकडे आवाज कमी, उजवीकडे जास्त, दाबला की म्यूट. या मीडिया कीज आहेत. समोर कुठलीही विंडो असली तरी त्या लागू पडतात, त्यामुळे फसगत होत नाही. विंडोजवर नॉब फिरवताना जाणवणाऱ्या एका टकला आवाज २ ने बदलतो आणि अशा नॉबच्या एका फेरीत साधारण २० टक असतात. म्हणजे एक पूर्ण फेरी झाली की ४० चा फरक. दोन-तीन दिवसांत बोटांना त्याचा अंदाज येतो.

पहिल्या बटणाला 'विंडोज + शिफ्ट + एस', म्हणजे स्क्रीनचा हवा तेवढा तुकडा कापून घेणं. तीन बोटांची ही कसरत पॅडवर गेली की सुटल्यासारखं वाटतं. दुसऱ्याला 'विंडोज + व्ही', म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी. पहिल्यांदा दाबल्यावर ती सोय चालू करू का असं विंडोज विचारेल, हो म्हणा. हेही दोन्ही शॉर्टकट समोरच्या विंडोवर अवलंबून नाहीत, म्हणून सुरुवातीला बरे.

तिसरं बटण कागदावर सर्वांत जास्त रेघा मिळवलेल्या कामाला द्या. माझ्यासाठी ते 'ऑडिओ मागे'. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'शिफ्ट + डावा बाण' दाबला की तीन सेकंद मागे जाता येतं, पण फक्त व्हीएलसी समोर असताना. मी टाइप करत असताना समोर असतो वर्ड! व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये हॉटकींच्या, म्हणजे शॉर्टकटच्या, यादीत 'ग्लोबल' असा वेगळा रकाना आहे. तिथे भरलेला शॉर्टकट मागे असलेल्या व्हीएलसीलाही लागू पडतो. मी तिथे 'कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + जे' असा हाताने कधीच न दाबण्यासारखा शॉर्टकट भरला आणि तोच पॅडच्या बटणाला दिला. आता वर्डमधला कर्सर जागचा हलत नाही आणि वाक्य परत ऐकू येतं. पॅडचे पैसे या एका बटणाने वसूल केले.

माइकचं काय? झूमच्या सेटिंगमध्येही शॉर्टकट ग्लोबल करायची खूण असते, ती केलीत की काम झालं. विंडोज ११ मध्ये 'विंडोज + ऑल्ट + के' हा माइकचा सगळीकडून चालणारा शॉर्टकट आहे, पण मीटिंगच्या अ‍ॅपने ती सोय स्वीकारलेली असली तरच. मीट ब्राउझरच्या टॅबमध्ये असेल तर पुढची पायरी वाचा.

पायरी ६: एफ१३ची युक्ती

तुमच्या कीबोर्डावर एफ१२ नंतर काही नाही. पण यूएसबी कीबोर्डच्या मानकात एफ२४ पर्यंतच्या कींना कोड दिलेले आहेत. जुन्या आयबीएम टर्मिनलच्या १२२ कींच्या कीबोर्डावर त्या खरोखरच होत्या. आज त्या बहुतेक रिकाम्या पडून आहेत आणि विंडोज त्यांना अजूनही ओळखतं. पॅडवाल्यांना ही आयती मोकळी जागाच मिळाली आहे.

युक्ती अशी: पॅडच्या बटणांत खरे शॉर्टकट भरायचेच नाहीत. एफ१३, एफ१४, एफ१५ भरायचे, आणि एफ१३ आला की काय करायचं हे कॉम्प्युटरवर ठरवायचं. विंडोजवर त्यासाठी ऑटोहॉटकी हा मोफत प्रोग्रॅम आहे. मॅकवर कॅराबिनर-एलिमेंट्स किंवा हॅमरस्पून, लिनक्सवर डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमधूनही पुष्कळ काही होतं. मॅकवर एफ१४ आणि एफ१५ बऱ्याचदा स्क्रीनचा उजेड बदलतात, त्यामुळे तिथे ती दोन सोडून द्या.

आता पॅडच्या आंधळेपणावर उपाय सापडला. पॅडला विंडो दिसत नाही, ऑटोहॉटकीला दिसते. माझा एफ१३ आता असं करतो: मीटची विंडो शोध, ती पुढे आण, कंट्रोल + डी दाब, मग आधीची विंडो परत पुढे आण. मीट सापडलं नाही तर काहीच करू नकोस. यात एकच पथ्य आहे. मीट वेगळ्या विंडोत उघडायचं, कारण ऑटोहॉटकीला विंडोचं शीर्षक दिसतं, त्या विंडोत मागे दडलेली टॅब नाही. टॅब बाहेर ओढली की झालं.

एकच बटण वर्डमध्ये एक आणि एक्सेलमध्ये दुसरंच काम करेल, हेही असंच जमतं. काही स्वस्त पॅडच्या प्रोग्रॅममध्ये एफ१२ पाशीच गाडी थांबते. तिथे कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट आणि एक अक्षर अशी जोडणी वापरा.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी थोडं थांबून

कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कीची जागा पाठवतो. तिथे कुठलं अक्षर उमटवायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, निवडलेल्या भाषेप्रमाणे. मी एका बटणात माझा ईमेल पत्ता भरला होता. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) चालू असताना ते दाबलं आणि पत्त्यातल्या एम-ए-आय-एल चं झालं 'सोगत'. बरोबरच आहे. त्या जागांवर इनस्क्रिप्टमध्ये स, ओकार, ग आणि त आहेत.

हीच गोष्ट उलटी वापरली तर फायद्याची. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'करणाऱ्या' या शब्दांतला ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये तीन टप्प्यांत येतो: शिफ्ट + जे ने ऱ, डी ने हलंत, आणि तिरक्या रेघेच्या कीने य. घाईत शिफ्ट सुटला की नेहमीचा र पडतो आणि ऱ्य च्या जागी 'र्य' बसतो, मग मागे जा आणि दुरुस्त करा. या तीन दाबण्या मी एका बटणात बांधल्या. मुलाखतींत 'सगळ्यांसमोर बोलणाऱ्या', 'येणाऱ्या-जाणाऱ्या' यांची इतकी रेलचेल असते की हे बटण दिवसभर बडवलं जातं. तीनच की, त्यामुळे सगळ्यात साध्या चिपमध्येही मावतं. फक्त भाषा इंग्रजीवर असताना दाबलंत तर जे, डी आणि तिरकी रेघ उमटतील, घाबरू नका.

पूर्ण मराठी वाक्य हवं असेल, म्हणजे पत्राचा मायना किंवा ठरलेली सही, तर ते पॅडमध्ये भरू नका. पॅडमध्ये एफ१६ ठेवा आणि वाक्य ऑटोहॉटकीत लिहा. ते युनिकोड मजकूर थेट उमटवतं, निवडलेली भाषा कुठलीही असो. ऑटोहॉटकीच्या सूचनांची, म्हणजे स्क्रिप्टची, फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग लागेल.

काय भरू नये

पासवर्ड कधीही भरू नका. तुमच्या मागे कोणीही येऊन नोटपॅड उघडून ते बटण दाबलं की पासवर्ड स्क्रीनवर. कळलं ना, तो फक्त कीबोर्ड आहे, दाबणारा कोण ते तो विचारत नाही.

मॅक्रोच्या, म्हणजे एका बटणात बांधलेल्या कींच्या मालिकेच्या, शेवटी एंटरही घालू नका, निदान सुरुवातीला तरी. चुकीच्या विंडोत मजकूर पडला तर पुसता येतो, एंटर गेला की निरोप गेला. फाइल कायमची पुसणं किंवा कॉम्प्युटर बंद करणं असलं काही नॉबच्या दाबण्यावर ठेवू नका, नॉब फिरवताना चुकून दाबला जातोच.

ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. कीबोर्ड म्हणून ओळख देऊन स्वतःच कमांड टाइप करणारी घातक यूएसबी उपकरणंही असतात, त्यामुळे अनोळखी कीबोर्डकडे ते संशयाने बघतात, आणि ते रास्त आहे.

लेअरबद्दल दोनच शब्द

बऱ्याच पॅडमध्ये तीन लेअर असतात, म्हणजे तीच बटणं तीन वेगवेगळे संच धरतात. जाहिरातीत 'तीन बटणांत नऊ कामं' म्हणतात ते हेच. मी दोन आठवडे वापरून सोडून दिलं. आत्ता कुठला लेअर चालू आहे हे बघायला मान खाली घालावी लागते, आणि न बघता दाबता यावं म्हणून तर हा खटाटोप. एक लेअर विंडोजला, एक मॅकला, एवढा उपयोग मात्र चांगला. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड लागतो आणि पॅडमधून विंडोज की पाठवली की मॅक तिला कमांड समजतो.

शेवटची पायरी: लिहून ठेवा

माझ्या स्वस्त पॅडमध्ये एकदा भरलेलं परत वाचता येत नाही. प्रोग्रॅम उघडला की सगळे रकाने कोरे दिसतात, आत मात्र जुनं सेटिंग जिवंत असतं. चार महिन्यांनी मला एकच बटण बदलायचं होतं आणि बाकीच्यांत नेमकं काय भरलंय ते आठवेना. नोटपॅड उघडून अर्धा तास एकेक बटण दाबत बसले, त्यात स्क्रीन कापायचं बटण नोटपॅडमध्ये काही लिहीत नाही हेही नव्याने कळलं. आता पॅडच्या खालच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे: डावीकडून पहिलं, दुसरं, तिसरं, नॉब डावा, नॉब उजवा, नॉब दाबून. शाईने नाही, पेन्सिलने लिहिली आहे, कारण तिसरं बटण आतापर्यंत पाच वेळा बदललंय.